लिपिड शिकायचे तर शेपटीपासून सुरुवात करा

अकरावी-बारावीला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला लिपिडांचा धडा बहुतेकदा तक्त्याने सुरू होतो: साधे लिपिड, संयुक्त लिपिड, साधित लिपिड. तक्ता पाठ होतो, पेपर लिहून होतो आणि महिन्याभरात डोक्यातून निघून जातो. मला हे मनापासून खुपतं. इतक्या थोड्या नियमांतून इतकं काही उलगडून दाखवणारा विषय जीवरसायनशास्त्रात क्वचितच सापडेल.

म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. आधी तेल-तूप हाताळायचं, मग रेणू वहीत काढायचा, त्यावरून तो कसा वागेल याचा अंदाज बांधायचा आणि मग शरीरात तो कुठे कामाला येतो ते बघायचं. वही-पेन्सिल, घरातली तीन-चार तेलं, तूप आणि फ्रिज एवढं सामान पुरे. वाटेत कुठलाही नवा लिपिड भेटला की तीन प्रश्न विचारायचे: शेपटी किती लांब आहे, तिला बाक किती आहेत आणि डोकं कसलं आहे?

पायरी १: पाण्याशी त्याचं कसं जमतं ते बघा

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. लिपिडांची अशी एका साच्याची व्याख्या करता येत नाही. जैविक पदार्थांपैकी जे पाण्यात विरघळत नाहीत पण ईथर, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रावकांत विरघळतात, ते लिपिड. त्यामुळे या कुटुंबात तूप आहे, मधमाश्यांचं मेण आहे, कोलेस्टेरॉल आहे आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही आहेत. दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही, पण पाण्यापुढे वागणं सारखं.

एका कागदावर शेंगदाणा चिरडून घासा आणि शेजारी पाण्याचा थेंब टाका. दोन्ही डाग आधी पारदर्शक दिसतील. पाण्याचा डाग वाळून जाईल, तेलाचा तसाच राहील. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत तेल भरतं, तिथला प्रकाश कमी विखुरतो आणि कागद अर्धपारदर्शक होतो. शाळेतली ही जुनी चाचणी आजही चोख चालते.

मग पाण्यात चमचाभर तेल टाकून हलवा. ते पुन्हा वेगळं होतं. याचं कारण नीट समजून घ्या, पुढची अर्धी गोष्ट त्यावर उभी आहे. तेल आणि पाणी एकमेकांना ढकलत नाहीत. पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात आणि हे बंध ते सतत तोडत-जोडत असतात. मध्ये कार्बन-हायड्रोजनची साखळी आली की तिच्या भोवतीच्या पाण्याला ठरावीक रचनेत उभं राहावं लागतं, त्याची मोकळीक कमी होते. तेलाचे थेंब एकत्र आले की पाण्याला लागणारा तेलाचा पृष्ठभाग घटतो आणि पाणी पुन्हा मोकळं होतं. तेल गोळा होतं ते या पाण्याच्या ओढीमुळे. पेशीभोवतीचं पटलही याच कारणाने आपोआप उभं राहतं.

पायरी २: मेदाम्ल वहीत काढा

नागमोडी रेष काढा, प्रत्येक टोकाला आणि कोपऱ्यात एक कार्बन. असे १८ कार्बन घ्या. एका टोकाला कार्बोक्सिल गट (COOH), म्हणजे आम्लाचं डोकं. उरलेली साखळी ही शेपटी. हे झालं स्टिअरिक आम्ल. संक्षेपात १८:० लिहितात: कार्बन १८, दुहेरी बंध शून्य. निसर्गातल्या बहुतेक मेदाम्लांत कार्बनची संख्या सम असते, कारण पेशी ही साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी वाढवत नेते.

आता याच साखळीत नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध घाला. हायड्रोजन एकाच बाजूला ठेवा, म्हणजे सिस रचना. रेष तिथे मोडल्यासारखी वळेल. हे ओलेइक आम्ल, १८:१. हा बाक हातानं काढाच. छापील चित्र बघून तो मनात ठसत नाही.

या सगळ्या धड्यातलं काही पाठ करायचंच असेल, तर मी हे चार आकडे सांगेन. द्रवणांक अंश सेल्सिअसमध्ये: स्टिअरिक (१८:०) सुमारे ७०, ओलेइक (१८:१) सुमारे १३, लिनोलेइक (१८:२) उणे ५, लिनोलेनिक (१८:३) उणे ११. कार्बन तेवढेच, वजनही जवळपास तेवढंच, पण एका बाकाने द्रवणांक पन्नासहून जास्त अंशांनी खाली येतो. सरळ शेपट्या एकमेकींना लांबभर खेटून बसतात, बाकदार शेपट्यांना तसं बसता येत नाही.

बाकाचंच हे काम आहे याचा पुरावा ट्रान्स रचनेत मिळतो. ओलेइक आम्लातला तोच दुहेरी बंध ट्रान्स केला, म्हणजे हायड्रोजन विरुद्ध बाजूंना ठेवले, तर अणू तेच राहतात, पण साखळी जवळपास सरळ होते आणि द्रवणांक ४५ च्या आसपास जातो. वनस्पती तूप घट्ट का असायचं त्याचं उत्तर यात आहे. तेलावर अर्धवट हायड्रोजन चढवताना काही दुहेरी बंध नाहीसे होतात आणि उरलेल्यांतले काही ट्रान्स होतात. असे ट्रान्स मेद हृदयविकाराचा धोका वाढवतात, म्हणून भारतात तेल-तुपातली त्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. पुड्यावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असं लिहिलेलं दिसलं तर ते याबद्दल आहे.

लांबीचा परिणाम एका ओळीत: लॉरिक (१२:०) ४४, पामिटिक (१६:०) ६३, स्टिअरिक ७०. शेपटी लांब, द्रवणांक वर.

ओमेगा-३ आणि ओमेगा-६ म्हणजे शेपटीच्या टोकाकडून मोजलं तर पहिला दुहेरी बंध कितव्या कार्बनवर येतो तो आकडा. आपल्या पेशींना डोक्याकडून नवव्या कार्बनच्या पलीकडे दुहेरी बंध घालता येत नाही. म्हणून लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३) ही दोन आम्लं खाण्यातूनच मिळवावी लागतात. मेद अजिबात न दिलेले उंदीर आजारी पडतात हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवलं, तेव्हा मेद केवळ ऊर्जेपुरता असतो ही समजूत मोडली. जवसाच्या तेलातलं निम्म्याच्या आसपास मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक असतं. त्यापासून मेंदूला आणि डोळ्यातल्या दृष्टिपटलाला लागणारी लांब ओमेगा-३ आम्लं आपलं शरीर थोड्याच प्रमाणात बनवतं. ती तयार स्वरूपात मिळतात तारली-बांगड्यासारख्या माशांतून.

पायरी ३: तीन शेपट्या जोडा आणि फ्रिज उघडा

ग्लिसरॉल म्हणजे तीन कार्बन, प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट. प्रत्येक गटाशी एक मेदाम्ल जोडा. दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर बंध तयार होतो. हे ट्रायग्लिसराइड. तेल, तूप, चरबी, सगळं मुख्यतः हेच. त्याला पाण्याकडे झुकणारं डोकंच उरत नाही, कारण आम्लाचे गट जोडणीत खर्ची पडले.

आता चार वाट्या घ्या: करडई, शेंगदाणा, खोबरेल, तूप. फ्रिजमध्ये ठेवण्याआधी कोण कसं होईल ते वहीत लिहा. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण ७० टक्क्यांच्या पुढे असतं, ते पातळच राहील. शेंगदाण्यात ओलेइक सर्वांत जास्त, पण २० ते २४ कार्बनची थोडी लांब संपृक्त (दुहेरी बंध नसलेली) आम्लंही असतात, म्हणून ते गढूळ होऊन दाटतं. खोबरेल मात्र नवख्याला चकवतं. त्यात जवळपास ९० टक्के मेदाम्लं संपृक्त, मग ते दगडासारखं हवं, पण ते २४-२५ अंशांनाच वितळतं. इथे पहिला प्रश्न कामी येतो. त्यातलं जवळपास निम्मं मेदाम्ल लॉरिक आहे, बाराच कार्बनचं. बाक नाही, पण शेपटी आखूड.

कोकणातल्या कोणाच्या घरी मुठेल असेल तर ते या प्रयोगात जरूर घ्या. कोकमाच्या बियांचं हे तेल घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं आणि सुमारे ४० अंशांना वितळतं. त्याच्या बहुतेक रेणूंत दोन कडांना स्टिअरिक आणि मधे ओलेइक अशी एकसारखी मांडणी असते, त्यामुळे ते नेटकं गोठतं आणि वितळण्याचा टप्पाही अरुंद असतो. कोकणच्या दमट उकाड्यात घट्ट राहणारं आणि किंचित गरम करून भेगाळलेल्या टाचांवर चोळलं की पसरणारं मलम म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या का वापरलं गेलं, हे या रेणूतच लिहिलेलं आहे.

तुपाची गंमत वेगळी. त्यात चार कार्बनच्या ब्युटिरिक आम्लापासून अठरा कार्बनपर्यंत सगळी मंडळी असते, म्हणून ठरावीक असा द्रवणांक नाही. कढवलेलं तूप हळूहळू निवू दिलं तर उशिरा वितळणारे रेणू आधी गोठतात, त्यांचे मोठे स्फटिक होतात आणि तूप रवाळ होतं. तेच थेट फ्रिजमध्ये ठेवलं तर असंख्य बारीक स्फटिक होऊन ते गुळगुळीत लागतं. दोन्ही करून बघा.

दुहेरी बंध किती आहेत हे मोजायला रसायनशाळेत आयोडीन मूल्य काढतात: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं? हे गणित स्वतः करा. तिन्ही शेपट्या ओलेइक असलेल्या ट्रायओलीनचा रेणुभार ८८५ आहे. त्यात दुहेरी बंध तीन, प्रत्येकावर आयोडीनचा एक रेणू, वजन २५४. म्हणजे ७६२ भागिले ८८५ गुणिले १००, उत्तर ८६. शेंगदाणा तेलाचं मानक ८५ ते ९९ आहे, खोबरेलाचं ७.५ ते १०, करडईचं १३५ ते १४८. कागदावरचा रेणू आणि बाजारातलं तेल इथे जुळतं.

दुहेरी बंध जास्त तितकं तेल लवकर खवट होतं. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो, तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि एकातून दुसरी अशी साखळी अभिक्रिया सुरू होते. म्हणून जवसाची चटणी थोडी थोडी करावी, घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. लोणी मात्र बऱ्याचदा दुसऱ्या वाटेने बिघडतं: पाणी आणि जिवाणूंची विकरं एस्टर बंध तोडतात आणि सुटलेल्या ब्युटिरिक आम्लाचा उग्र वास येतो. कढवून पाणी काढलेलं तूप म्हणूनच टिकतं.

शरीर चरबी साठवतं ते का, हेही इथेच बघून घेऊ. एक ग्रॅम मेद सुमारे ९ किलोकॅलरी देतो, कर्बोदक ४. खरा फरक याहून मोठा आहे, कारण ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला कर्बोदकाचा साठा, आपल्या वजनाच्या दोन-तीन पट पाणी धरून बसतं आणि चरबी कोरडी राहते. अमूर ससाणा हा जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा पक्षी नागालँडमध्ये पंख फुटलेल्या वाळव्या खाऊन पुष्ट होतो आणि महाराष्ट्रावरून, मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. समजा त्याने ५० ग्रॅम चरबी साठवली, तर ४५० किलोकॅलरी झाल्या. तेवढीच ऊर्जा पाणी धरलेल्या ग्लायकोजेनमध्ये न्यायची तर ओझं ४०० ग्रॅमच्या आसपास गेलं असतं. पक्षी जमिनीवरून उठलाच नसता.

पायरी ४: एक शेपटी काढा, डोकं बसवा

ट्रायग्लिसराइडची तिसरी शेपटी खोडून तिथे फॉस्फेट आणि त्याला कोलीन जोडा. झालं फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकातलं आणि सोयाबीनमधलं लेसिथिन. आता रेणूचं एक टोक विद्युतभारित, पाण्याकडे झेपावणारं आणि दुसरं टोक पाणी टाळणारं. पहिल्या पायरीतल्या तेल-पाण्याच्या भांड्यात थोडा बलक घालून फेटा. तेल वेगळं व्हायचं थांबेल.

साबणाचा रेणूही असाच असतो, पण त्याला शेपटी एकच. डोकं रुंद, शेपटी अरुंद, म्हणून साबणाचे रेणू पाण्यात गोळे करतात. फॉस्फोलिपिडला दोन शेपट्या असल्याने तो नळकांड्यासारखा जाड होतो. असे रेणू गोळ्यात मावत नाहीत. ते दोन थरांची चादर करतात: शेपट्या आत, डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे. चादरीच्या कडांना शेपट्या उघड्या पडतात, म्हणून ती स्वतःच मिटून बंद पिशवी होते. कोणी विकर लागत नाही, ऊर्जा खर्च होत नाही. पेशीला ‘आत’ आणि ‘बाहेर’ मिळतं ते इथून.

हा थर किती जाड असेल? बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपम भागातल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि ते सुमारे अर्धा एकर पसरून पाणी शांत झालं. १७७४ मध्ये त्याचं हे निवेदन छापलं गेलं. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, सुमारे २,००० चौरस मीटर. चमचा ५ मिलिलिटरचा धरा आणि भागा: जाडी अडीच नॅनोमीटर. एका रेणूची उंची साधारण तेवढीच! फ्रँकलिनने हा भागाकार केला नव्हता. पुढे जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकल्स यांनी विद्यापीठाची पायरी न चढता, घरच्या स्वयंपाकघरात पन्हळ बनवून पाण्यावरच्या अशा थरांचं मोजमाप केलं. त्यांचं पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ने छापलं. घरी प्रयोग करायला कमीपणा वाटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव लक्षात ठेवावं.

गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतले लिपिड काढून पाण्यावर पसरले, तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या: लिपिड पूर्ण निघाले नव्हते आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुका एकमेकींत फिटल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला. या थरात प्रथिनं रुतलेली असतात आणि सगळं सरकतं राहतं, हे सिंगर आणि निकोल्सन यांचं चित्र १९७२ चं.

पटल सरकतं राहणं ही चैन नाही, गरज आहे. गारठा वाढला की जिवाणू आपल्या पटलात बाकदार शेपट्या वाढवतात, उष्णता वाढली की सरळ. दुसऱ्या पायरीतले आकडे जिवंत पेशी प्रत्यक्ष वापरते, ती अशी.

आणि कधी कधी शरीराला नेमक्या सरळ शेपट्या हव्या असतात. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना प्रत्येक श्वासाला मिटवू पाहतो. तिथे शरीर असा फॉस्फोलिपिड पसरतं, ज्याच्या दोन्ही शेपट्या पामिटिक आहेत. सरळ असल्याने त्या दाटीवाटीने उभ्या राहतात आणि पृष्ठताण जवळपास नाहीसा करतात. हा लेप गर्भात शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का लागतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं: लेप कमी असतो. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला लेप दहा बाळांच्या श्वासनलिकेतून आत सोडला आणि उपचाराचा रस्ता खुला झाला. आज नवजात अतिदक्षता विभागात हे औषध नेहमीचं आहे.

पायरी ५: कोलेस्टेरॉल आणि त्याचे भाऊबंद

इथे शेपटी आखूड, पण कार्बनची चार जोडलेली कडी आहेत आणि डोकं म्हणून एकच हायड्रॉक्सिल गट. कडी ताठ असतात. पटलात शिरून ती उष्णतेत शेपट्यांना आवरतात आणि थंडीत त्यांना गोठू देत नाहीत. कोलेस्टेरॉल जाळून शरीर ऊर्जा मिळवत नाही. ते कच्चा माल आहे: पित्ताम्लं, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे सगळं त्यापासून होतं, आणि ते बनण्याच्या वाटेवरच्या एका रेणूवर ऊन पडलं की डी जीवनसत्त्व.

बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असतं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस पसरला, तेव्हा नातेवाईक ज्या ॲम्फोटेरिसिन-बी साठी वणवण करत होते, ते औषध याच फरकावर चालतं. ते अर्गोस्टेरॉलला पकडतं. थोडं कोलेस्टेरॉललाही पकडतं, म्हणून मूत्रपिंडांना त्रास देतं. तो कमी व्हावा म्हणून ते फॉस्फोलिपिडांच्या थरात, लायपोसोममध्ये बसवून देतात.

पायरी ६: मेण, थोडक्यात

लांब मेदाम्लाला लांब अल्कोहोल जोडलं की मेण. दोन्हीकडे शेपट्या, डोकं नावापुरतं. अळवाच्या पानावर पाणी घाला: पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यावरचा मेणाचा लेप यामुळे थेंब गोल राहून घरंगळतो. पान कोमट साबणाच्या पाण्यात बोटांनी हलकेच चोळा आणि पुन्हा पाणी घाला. फरक दिसेल.

पायरी ७: रक्ताचा अहवाल वाचा

घरात कोणाचा ना कोणाचा लिपिड प्रोफाइलचा कागद असतोच. रक्त म्हणजे बहुतांश पाणी, मग त्यातून ट्रायग्लिसराइड जाणार कसं? यकृत आणि आतडं त्याची गोळी बनवतात: आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर, बाहेर फॉस्फोलिपिडांचा एकच थर आणि त्यात प्रथिनं. एलडीएल आणि एचडीएल ही अशा गोळ्यांची नावं आहेत. दोन्हींतलं कोलेस्टेरॉल एकच. एलडीएल ते पेशींकडे नेतं आणि जास्त झालं तर रोहिणीच्या भिंतीत साचतं, एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतं. पेशी एलडीएल कसं उचलते ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

अनेक प्रयोगशाळा एलडीएल मोजत नाहीत, ते वजाबाकीने काढतात. एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १५० (सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) असेल तर १५० ला ५ ने भागा, ३० आले. २०० मधून ४५ आणि ३० वजा केले की एलडीएल १२५. हे फ्रीडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र. ५ ने भागायचं कारण, उपाशीपोटी बहुतेक ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएल नावाच्या गोळ्यांत असतं आणि त्यांच्यातलं कोलेस्टेरॉल साधारण त्याच्या एक पंचमांश भरतं. जेवून रक्त दिलं तर आतड्यातून आलेल्या गोळ्या मिसळतात आणि हे प्रमाण बिघडतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तेव्हाही सूत्र लागू पडत नाही, एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. आकड्यांचा उपचाराच्या दृष्टीने अर्थ डॉक्टरांनाच विचारा, पण अहवालावरच्या वजाबाकीचा पडताळा आता तुम्हाला स्वतः घेता येईल.